विंडोज, लिनक्स आणि मॅक: तिन्हीकडे चालणारी डिस्क कशी तयार करायची

मारबतीच्या मिरवणुकीचं फोर-के शूटिंग पेनड्राइव्हवर घ्यायला जावं, तर कॉपी सुरूच होत नाही आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. ड्राइव्हवर मात्र ४० जीबी मोकळे दिसत असतात. कॉलेजच्या लॅबमधल्या उबुंटू लिनक्सवर केलेलं काम घरच्या विंडोजवर उघडत नाही, उलट ‘डिस्क फॉरमॅट करा’ म्हणून खिडकी येते. मॅकवर डिस्क उघडते, फोटो दिसतात, पण नवी फाइल काही टाकता येत नाही. या तिन्ही वेळा डिस्क बहुतेक ठणठणीत असते. निवड चुकलेली असते ती फाइल सिस्टिमची.

डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद ठेवायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला काही पद्धती वाचता येतात, काही लिहिता येतात आणि काही ओळखूच येत नाहीत. म्हणून डिस्क हातात घेण्याआधी एकच प्रश्न नीट सोडवायचा: या डिस्कवर कोण कोण लिहिणार आहे? नुसतं वाचणारे बरेच असतात, अडचण लिहिताना येते.

कुठली फाइल सिस्टिम कुणासाठी

फॅट३२ ही १९९६ पासूनची पद्धत. विंडोज, मॅक, लिनक्स, टीव्ही, गाडीतला स्टिरिओ असं जवळजवळ सगळं तिला ओळखतं. तिची अडचण म्हणजे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. १०० एमबीपीएसच्या फोर-के व्हिडिओला ही मर्यादा पावणेसहा मिनिटांत गाठते. गाडीतली गाणी आणि झेरॉक्सच्या दुकानात न्यायच्या पीडीएफ एवढ्यापुरतीच ती ठेवावी.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. तिच्यात फाइलच्या आकाराची मर्यादा व्यवहारात जाणवत नाही. मॅक २०१० पासून तिच्यावर लिहू शकतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ५.७ आवृत्तीपासून तिला पक्का आधार मिळाला. उबुंटू २२.०४ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर एक्सफॅट ड्राइव्ह लावला की उघडतो. तिन्हीकडे फिरणाऱ्या बाहेरच्या डिस्कसाठी हीच निवड करा.

एनटीएफएस ही विंडोजची घरची पद्धत. लिनक्स तिच्यावर लिहू शकतो. मॅक फक्त वाचतो, लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तिचा मोठा गुण म्हणजे जर्नल. कुठला बदल चालू होता याची आधी नोंद होते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी डिस्कवरची रचना सावरता येते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. मे महिन्यात वावटळ सुटली की नागपुरात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएसशिवाय चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असतील, मॅकचा संबंध नसेल, तर आतलं सामायिक पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला तुकडा) एनटीएफएसच करा.

ईएक्सटी४ लिनक्सपुरती आणि एपीएफएस मॅकपुरती. सामायिक डिस्कसाठी दोन्ही सोडून द्या.

फॉरमॅट करण्याआधी

फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं. आधी ते दुसरीकडे उतरवा आणि चार-दोन फाइल उघडून पाहा. नुसतं कॉपी झालेलं दिसणं पुरेसं नाही.

ड्राइव्ह नवा असेल तर त्याची क्षमता तपासून घ्या. बर्डीच्या बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, भाव फारच उतरलेला पेनड्राइव्ह मिळाला तर सावध राहा. बनावट ड्राइव्हमध्ये चिप ८ जीबीची असते आणि विंडोजला तो १२८ जीबी सांगतो. ८ जीबीच्या पुढचा डेटा लिहिला जातोय असं दिसतं, पण तो कुठेच साठत नाही. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स-मॅकवर ‘एफथ्री’ ही मोफत साधनं पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कवरच्या तुकड्यांची यादी, तिचंही ठरवून टाका: जुनी पद्धत एमबीआर, नवी जीपीटी. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटीच लागतं, कारण एमबीआरचा हिशेब २ टीबीच्या पुढे जात नाही. त्याहून लहान डिस्क टीव्हीलाही लावायची असेल तर एमबीआर ठेवा, काही टीव्हींना जीपीटी समजत नाही. बाकी सगळीकडे जीपीटी.

विंडोजवरून एक्सफॅट

तिन्ही सिस्टिम हाताशी असतील तर फॉरमॅट विंडोजवरून करणं सोयीचं. मॅकवर आखलेली डिस्क एखाद्या जुन्या विंडोजने न ओळखल्याची तक्रार अधूनमधून येते, उलट दिशेने ती क्वचितच येते.

१. बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि डिस्क काढून ठेवा. चुकीचा ड्राइव्ह फॉरमॅट होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एकाच वेळी तीन ड्राइव्ह लावलेले असणं.

२. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा ओळी दिसतील. ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका, आकार पाहून आपली डिस्क ओळखा.

३. डिस्कवर आधीची तुकडेवारी असेल तर प्रत्येक तुकड्यावर राइट-क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’. सगळी जागा काळ्या पट्टीची झाली की डावीकडे डिस्कच्या नावावर राइट-क्लिक करून जीपीटी किंवा एमबीआर निवडता येतं.

४. काळ्या पट्टीवर राइट-क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, आणि फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट. ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइज’ डीफॉल्टच राहू द्या.

५. व्हॉल्यूमचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता आणि ११ अक्षरांच्या आत द्या. लिनक्समध्ये हेच नाव फोल्डरच्या पत्त्यात येतं, मोकळी जागा असली की टर्मिनलमध्ये उगाच त्रास होतो.

६. नव्या डिस्कला ‘क्विक फॉरमॅट’ चालेल. सेकंड हँड हार्ड डिस्क असेल तर ती खूण काढा. मग विंडोज पूर्ण डिस्क लिहून तपासतं. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीला जवळजवळ पावणेतीन तास लागतात, पण खराब भाग आत्ताच कळतात. एसएसडीला हा ताण देण्याचं कारण नाही.

मॅक किंवा लिनक्सवरून करायचं असेल तर

मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘व्ह्यू’ मेनूतून आधी ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. हे राहिलं तर फक्त आतला तुकडा दिसतो आणि पार्टिशन टेबल बदलण्याचा पर्याय मिळत नाही. सर्वांत वरची, डिस्कच्या कंपनीचं नाव असलेली ओळ निवडा, ‘इरेझ’ दाबा, फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ किंवा ‘मास्टर बूट रेकॉर्ड’. यादीत ‘एमएस-डॉस (फॅट)’ असंही दिसेल. ते निवडलं की ४ जीबीची अडचण परत आली.

उबुंटूच्या ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमध्ये नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. फॉरमॅटच्या खिडकीत ‘सर्व सिस्टिम्स आणि उपकरणांसाठी’ असा पर्याय असतो. वाचून वाटतं, हाच हवा होता. पण त्याच्या कंसात ‘फॅट’ लिहिलेलं असतं. तो सोडून ‘अदर’ निवडा, पुढे जा आणि तिथे एक्सफॅट घ्या. एक्सफॅट फिकट दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर ‘एक्सफॅटप्रोग्स’ हे पॅकेज बसवा.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स

इथे सामायिक जागा म्हणजे आतल्या डिस्कवरचा वेगळा एनटीएफएस तुकडा. लिनक्समधून थेट सी ड्राइव्हवर फाइली लिहायची सवय लावू नका. विंडोजची स्वतःची सिस्टिम तिथे आहे, एक चूक झाली तर विंडोज सुरूच होणार नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट-क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ घ्या. आकडा एमबीमध्ये मागतात. १०० जीबी हवे असतील तर १०२४०० लिहा. खूप जागा मोकळी असूनही विंडोज थोडीच सोडत असेल, तर हायबरनेशनची आणि पेजिंगची फाइल (दोन्हींत मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवला जातो) मध्ये अडून बसलेली असते, कारण त्या फाइली हलवता येत नाहीत. मोकळी झालेली जागा वर सांगितल्याप्रमाणे, पण एनटीएफएस म्हणून, आखा.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट: विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. सिस्टिमचा गाभा हायबरनेट होतो आणि डिस्कची अवस्था ‘अजून वापरात’ अशीच राहते. लिनक्स हे ओळखतो आणि एक तर तो तुकडा फक्त वाचण्यापुरता उघडतो, नाहीतर उघडतच नाही. जबरदस्तीने उघडून लिहिलं, तर विंडोज परत जागं झाल्यावर आपल्या जुन्या नोंदी त्यावर लिहितं आणि फाइली बिघडतात. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे ‘पॉवर बटणांनी काय करायचं ते निवडा’, मग वरची ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ ही ओळ, आणि ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आली नाही ना, हे पाहत चला. एकदाच घाईत लिनक्समध्ये जायचं असेल तर शटडाउनऐवजी ‘रीस्टार्ट’ करा, त्यात विंडोज पूर्ण बंद होतं.

दुसरा अडथळा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप सुरू होतं, आणि आतल्या इतर तुकड्यांनाही लागू होतं. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतंय का पाहा. पार्टिशनला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मगच पुढे जा. सामायिक तुकड्याचं कुलूप काढल्याशिवाय लिनक्स तो साधेपणाने उघडणार नाही.

लिनक्स सुरू होताना हा तुकडा आपोआप जोडला जावा म्हणून ‘डिस्क्स’ अ‍ॅपमध्ये तो निवडा, खालच्या गिअरच्या चिन्हातून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’, ‘यूझर सेशन डीफॉल्ट्स’ बंद, ‘माउंट अ‍ॅट सिस्टिम स्टार्टअप’ चालू. ‘आयडेंटिफाय अ‍ॅज’मध्ये यूयूआयडीवाली (तुकड्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाची) ओळ घ्या, कारण दुसरी डिस्क लावली की उपकरणांची नावं बदलतात आणि यूयूआयडी तोच राहतो. पर्यायांच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द असतो, तो काढू नका. तो नसेल आणि एखाद्या दिवशी तुकडा उघडला नाही, तर उबुंटू सुरू होताना अडतं आणि शेवटी काळ्या पडद्यावरचा इमर्जन्सी मोड समोर येतो. नवखा माणूस तिथून सिस्टिमच गेली असं समजतो.

घड्याळाचंही पाहा. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज तिथली वेळ स्थानिक समजतं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं दिसतं. त्या अवस्थेत सेव्ह केलेल्या फाइलवर साडेपाच तास जुनी वेळ बसते, आणि तारखा पाहून कॉपी करणारं सिंक सॉफ्टवेअर नव्या फाइलवर जुनी फाइल लिहून मोकळं होतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’च्या ‘सेट-लोकल-आरटीसी’ पर्यायाने मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलं की हा घोळ मिटतो.

काय बिघडतं आणि का

विंडोज म्हणतं, ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल.’ बहुतेक वेळा त्या डिस्कवर ईएक्सटी४ किंवा एपीएफएस असतं, म्हणजे डेटा जागेवर आहे, फक्त विंडोजला वाचता येत नाही. ‘कॅन्सल’ दाबा. मॅकवर याच प्रसंगी ‘इनिशियलाइझ’ हे बटण येतं. तिथे ‘इग्नोर’ किंवा ‘इजेक्ट’ दाबा. डिस्क ज्या सिस्टिमवर शेवटची नीट चालली होती तिथे नेऊन पाहा. आमच्या मते या एका खिडकीवर घाईने ‘हो’ म्हटल्यामुळे जेवढा डेटा जातो तेवढा डिस्क जळूनही जात नाही.

लिनक्सवर एनटीएफएस डिस्क उघडताना ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ असा भीतीदायक निरोप आला, तर आधी एवढंच समजा की तिच्यावर ‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण असावी. ती विंडोजला लावा, ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, ‘चेक’ करा आणि नीट इजेक्ट करा. एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजकडूनच करून घ्यावी.

पट्टी १०० टक्क्यांवर पोचली म्हणजे कॉपी संपली असं नाही. लिनक्स डेटा आधी मेमरीत घेतो आणि मागून डिस्कवर उतरवतो. हळू पेनड्राइव्हवर २ जीबीची फाइल दहा सेकंदांत ‘झाली’ असं दिसतं, आणि इजेक्ट दाबल्यावर दोन मिनिटं थांबावं लागतं. ती दोन मिनिटंच खरी कॉपी आहे. एक्सफॅटला जर्नल नसल्याने या वेळी ड्राइव्ह उपटला तर फाइल अर्धवट राहतेच, कधी अख्खा फोल्डर दिसेनासा होतो. अशी उपटलेली मोठी डिस्क मॅकला लावली की मॅक आधी गुपचूप तपासणी करतो आणि काही मिनिटं ती दिसतच नाही. घाईने परत काढू नका.

लहान फाइलींचा ढीग एक्सफॅटवर थेट ठेवू नका. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट ड्राइव्हवर डीफॉल्ट खण (अ‍ॅलोकेशन युनिट) १२८ केबीचा असतो आणि २ केबीची फाइलसुद्धा एक अख्खा खण अडवते. अशा १ लाख फाइली म्हणजे २०० एमबीचा मजकूर आणि १२ जीबीच्या वर जागा. शिवाय एक्सफॅटला लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) माहीत नाहीत. पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा एनपीएमचं इन्स्टॉलेशन अशा ड्राइव्हवर केलं तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून मोडतं. प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अख्खा फोल्डर एका टार फाइलमध्ये बांधून न्यावा आणि दुसऱ्या मशीनच्या आतल्या डिस्कवर उघडावा.

नावांचा प्रश्न मराठीत फाइली ठेवणाऱ्यांना जास्त भेडसावतो. विंडोजला नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण किंवा उभी रेघ चालत नाही, आणि लिनक्सला हे सगळं चालतं. त्यामुळे ‘सभा १०:३०’ नावाची फाइल लिनक्सवर बनते आणि पुढे अडते. लांबीचंही तसंच. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये नाव २५५ चिन्हांचं चालतं. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळे मोजून. ‘नागपूर’ या तीन-चार अक्षरांच्या नावाला १८ बाइट लागतात. म्हणजे लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं. पत्रिकेसारखी लांबलचक नावं दिलेल्या फाइली उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये उतरत नाहीत त्या यामुळे.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ तर आणखी वेगळा त्रास देतो. जुन्या मॅकची एचएफएस प्लस पद्धत हे चिन्ह फोडून ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असं साठवते. विंडोज-लिनक्सवर टाइप केलेला ऱ एकच चिन्ह असतो. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसतात, लिनक्स मात्र त्यांना वेगळ्या फाइली समजतो, आणि सिंक केल्यावर ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ हा फोल्डर दोनदा तयार होतो. मोठ्या संग्रहाची नावं देताना वर्ष-महिना-दिवस असे आकडे पुढे ठेवून साधी, आखूड नावं द्या.

मॅकला लावून आणलेल्या ड्राइव्हवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली दिसतात. मॅक त्यात स्वतःची जास्तीची माहिती ठेवतो. मूळ फोटो आणि व्हिडिओ वेगळे असतात. मॅकचं काम संपल्यावर त्या पुसल्या तरी फोटोला काही होत नाही.

वापरताना

बाहेर प्रिंट काढायला न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, ८ किंवा १६ जीबीचा, फॅट३२ केलेला, आणि त्यावर फक्त त्या दिवशीच्या फाइली. दहा जणांचे ड्राइव्ह लागणाऱ्या मशीनमधून शॉर्टकट व्हायरस येतो, सगळे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. कामाची मोठी डिस्क तिथे लावूच नये.

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. नागपूरचा मे ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. उन्हाळ्यात ५०० जीबीची कॉपी दुपारी लावण्यापेक्षा सकाळी लावा, डिस्क टेबलावर मोकळी ठेवा, उशी-गादीवर नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावल्यावर डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज कमी पडत असू शकते. मागचा पोर्ट आणि आखूड केबल वापरून पाहा. तरीही आवाज थांबला नाही तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे, आधी डेटा उतरवा.

दोन्ही मशीन एकाच घरात, एकाच राउटरवर असतील तर डिस्क काढ-घाल करण्यापेक्षा नेटवर्क शेअर करा. नेटवर्कवरून फाइल मागताना पलीकडच्या डिस्कची फाइल सिस्टिम कुठली हे पाहावं लागत नाही, मॅकलासुद्धा विंडोजच्या एनटीएफएस फोल्डरमध्ये लिहिता येतं. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून ‘शेअरिंग’ सुरू करा आणि लॉगिन विचारलं की खात्याचा पासवर्ड द्या. रोज टाकता तो पिन इथे चालत नाही, आणि ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणून लोक तासभर अडकतात ते याच जागी.

सामायिक डिस्कवर कुठलीही फाइल एकुलती एक ठेवू नका. ती फिरते, पडते, हरवते. मॅकच्या टाइम मशीनलाही ही डिस्क देऊ नका. तो ती पुसून स्वतःच्या पद्धतीने आखून घ्यायला मागतो, आणि मग विंडोज-लिनक्सवर ती उघडत नाही. बॅकअपची डिस्क वेगळी घ्या आणि ती घरीच राहू द्या.